एक रोल, छत्तीस उजेड: कुठला डेव्हलपर घ्यावा?

कृष्णधवल रोल घरीच धुवायचे असं एकदा ठरलं की गाडी अडते ती डेव्हलपरवर, म्हणजे फिल्मवरचं चित्र उमटवणाऱ्या रसायनावर. टँक, रीळ, चेंजिंग बॅग, फिक्सर यांत फारसं निवडण्यासारखं नसतं. डेव्हलपरची यादी मात्र संपता संपत नाही, आणि ज्याला विचारावं तो आपापल्या बाटलीची बाजू घेतो. एक म्हणतो रोडिनलसारखी धार कशालाच नाही, दुसरा म्हणतो एक्सटॉल आल्यावर बाकी सगळे जुने झाले. दोघांचंही खरं असतं, कारण दोघेही स्वतःच्या फोटोंबद्दल बोलत असतात.

म्हणून इथली तुलना एका ठरावीक प्रकारच्या फोटोग्राफरसाठी आहे. तो ३५ मिलिमीटरचा कॅमेरा गळ्यात अडकवून फिरतो. ट्रायपॉड लावत नाही, दर फ्रेमला मीटर वाचत नाही, समोर काही जुळून आलं की शटर दाबतो. आपण ते का टिपलं हे त्याला नंतर कळतं. अशा माणसाच्या डेव्हलपरकडून असलेल्या अपेक्षा, निवांत निसर्गचित्रं काढणाऱ्यापेक्षा वेगळ्या असतात. बहुतेक तुलना ग्रेन (चित्रात दिसणारे बारीक कण) आणि शार्पनेसवर थांबतात आणि नेमकी हीच गोष्ट निसटते.

रोलला टँक एकच मिळतो

ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकी फोटोग्राफरांनी १९४०च्या सुमारास बसवलेली झोन सिस्टिम, म्हणजे एक्स्पोजर आणि डेव्हलपमेंट एकमेकांशी जुळवण्याची पद्धत, ही मुळात शीट फिल्मवाल्यांची सोय. एक शीट, एक फोटो. कडक उन्हातली शीट थोडा कमी वेळ धुवायची म्हणजे हायलाइट (उजळ भाग) आटोक्यात राहतात, ढगाळ दिवसातली थोडा जास्त वेळ धुवायची म्हणजे कॉन्ट्रास्ट चढतो. प्रत्येक शीटला वेगळी वागणूक देता येते.

रोलवर ते जमत नाही. सकाळी खिडकीशी बसलेली आजी, दुपारी भर उन्हातला रस्ता, संध्याकाळी दिव्याच्या खांबाखाली थांबलेला सायकलवाला, हे सगळे एकाच फिल्मवर शेजारीशेजारी असतात आणि एकाच द्रावणात, एकाच तापमानाला, तेवढीच मिनिटं बुडतात. त्यामुळे डेव्हलपर एका फ्रेमसाठी निवडता येत नाही, सगळ्या रोलचा विचार करून निवडावा लागतो.

अशा रोलसाठी डेव्हलपरने तीन कामं करायला हवीत. कमी उजेड मिळालेल्या फ्रेममधून शॅडोचा (गडद भागांचा) शक्य तेवढा तपशील वर काढायचा. कडक उन्हातल्या फ्रेममध्ये पांढरा शर्ट निगेटिव्हवर पार काळाकुट्ट ठोकळा होऊ द्यायचा नाही. आणि दर खेपेला तसंच वागायचं. तिसरं काम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. नजरेच्या भरवशावर फोटो काढणारा माणूस शिकतो तो स्वतःच्या निगेटिव्ह बघून. ‘असा उजेड होता, मी इतकं उघडलं होतं, आणि हे असं आलं’ हा हिशेब शेकडो वेळा नजरेत मुरतो, तेव्हा कुठे हात आपोआप बरोबर पडायला लागतो. या आठवड्यात एक डेव्हलपर, पुढच्या आठवड्यात दुसरा, त्यात द्रावण कधी ताजं तर कधी शिळं, असं चाललं तर निगेटिव्ह पातळ का आली, हाताने की बाटलीने, हे कळायला मार्गच उरत नाही.

या तीन कसोट्यांवर आता एकेक डेव्हलपर पाहू.

डी-७६ आणि आयडी-११

कोडॅकचा डी-७६ १९२७ मध्ये बाजारात आला आणि अजून विकला जातो. मूळ सूत्र सर्वांना माहीत आहे: एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. इल्फर्डचा आयडी-११ व्यवहारात हाच. गंमत म्हणजे एचपी५ प्लस या ४०० वेगाच्या फिल्मसाठी इल्फर्डच्या तक्त्यात आयडी-११ ची १+१ ला (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) वेळ १३ मिनिटं दिली आहे आणि डी-७६ ची ११. जवळपास सारखेच डेव्हलपर, पण वेळेत दोन मिनिटांचा फरक. तक्त्यातली वेळ ही सुरुवात करण्यापुरती असते हे यावरून ओळखावं.

सूत्रातलं सल्फाइट बघा, बाकी सगळ्यांच्या कितीतरी पट. ते द्रावण टिकवतं, शिवाय चांदीच्या कणांच्या कडा थोड्या विरघळवतं, त्यामुळे ग्रेन मऊ दिसतो. निम्मं पाणी घातलं की सल्फाइटचा जोर उतरतो. ग्रेन किंचित उठून दिसतो, पण कडा स्पष्ट होतात. १+१ मध्ये वेळही लांबते आणि ते आपल्या फायद्याचं आहे: अकरा मिनिटांत दहा सेकंदांची चूक पोटात जाते, पाच मिनिटांत जात नाही. १+१ चं द्रावण एकदा वापरून टाकून द्यायचं, म्हणजे प्रत्येक रोलला ताजं मिळतं. कोडॅकच्या शिफारशीनुसार प्रत्येक रोलमागे मूळ द्रावण २५० मिलिलिटरच्या आसपास हवं. ३०० मिलिलिटरच्या छोट्या टँकमध्ये १+१ केलं तर ते १५० च भरतं. चालतं, पण वेळ दहा टक्के वाढवावी, किंवा मोठा टँक घ्यावा.

शॅडो चांगल्या येतात, हायलाइट सहसा आवाक्याबाहेर जात नाहीत, ग्रेन मध्यम. कुठल्याच बाबतीत पहिला नंबर नाही आणि कुठेच नापास नाही. एकाच रोलवर नाना प्रकारचा उजेड घेऊन येणाऱ्याला हवं असतं ते हेच.

अडचण साठवणीची आहे. पूड ५० ते ५५ अंशांच्या गरम पाण्यात विरघळवायची, थंड होऊ द्यायची, मग वापरायची. काठोकाठ भरलेल्या बंद बाटलीत द्रावण सहा महिने टिकतं, अर्ध्या रिकाम्या बाटलीत दोनच. एका मोठ्या बाटलीऐवजी २५० मिलिलिटरच्या छोट्या काचेच्या बाटल्या काठापर्यंत भरून ठेवल्या तर हा प्रश्न बराचसा सुटतो: एक बाटली, एक रोल. आणखी एक सांगून ठेवतो, मेटॉलने काहींच्या त्वचेला पुरळ येतं. हातमोजे घालावेत, आणि पूड मिसळताना तोंडावर मास्क.

रोडिनल

आग्फाच्या मोम्मे आंद्रेसन यांनी १८९१ मध्ये याचं पेटंट घेतलं. अजून मिळणाऱ्या डेव्हलपरांत इतका जुना दुसरा नाही. आज तो वेगवेगळ्या नावांनी येतो, आर०९ हे त्यातलंच एक. पॅरा-अमिनोफेनॉलचं हे तीव्र द्रावण बाटलीत वर्षानुवर्षं टिकतं. रंग तपकिरी होत जातो, काळपट होतो, आणि तरी काम करतं. ज्याचे महिन्याला मुश्किलीने एक-दोन रोल होतात त्याला ही फार मोठी सोय आहे. सुई नसलेल्या सिरिंजने ६ मिलिलिटर ओढायचं, ३०० मिलिलिटर पाण्यात सोडायचं, झालं १+५०. एचपी५ प्लसला या प्रमाणात ११ मिनिटं लागतात, १+२५ ला ६.

हा ग्रेन विरघळवत नाही, त्यामुळे ग्रेन जसा आहे तसा, टोकदार दिसतो. एफपी४ प्लससारख्या मंद फिल्मवर किंवा १२० च्या मोठ्या निगेटिव्हवर हे रूप देखणं असतं. दगडी भिंत, सुरकुतलेला हात, ओलं रान अशा विषयांना ते शोभतं. ४०० च्या ३५ मिमी फिल्मवर मात्र आवड पारखून घ्यावी. मोठी प्रिंट काढली की आभाळात वाळू पसरल्यासारखी दिसते. काहींना तीच हवी असते.

आपल्या कसोटीवर मात्र रोडिनल कमी पडतो, आणि तो पहिल्याच कामात. शॅडोचा तपशील तो डी-७६ पेक्षा कमी देतो. ४०० ची फिल्म २०० किंवा २५० धरून, म्हणजे कॅमेऱ्यात वेग तेवढाच लावून, काढली तर बरोबर येते. म्हणजे दोन तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) हातचा गेला. भर उन्हात फिरणाऱ्याला याने काही बिघडत नाही. घरात, संध्याकाळी, गल्लीबोळात फोटो काढणाऱ्याचा तोच हिस्सा शटरच्या वेगातून जातो आणि चेहरा हलतो.

रोडिनलबरोबर ‘स्टँड डेव्हलपमेंट’ही आलंच. १+१०० चं पातळ द्रावण, सुरुवातीला टँक हलवायचा, मग तासभर तसाच ठेवून द्यायचा. कल्पना मोहक आहे: जिथे जास्त उजेड पडला तिथला डेव्हलपर लवकर थकतो आणि हायलाइट तिथेच थांबतात, शॅडोतला काम करत राहतो. यावरून कुठलाही रोल, कुठल्याही आयएसओला काढलेला, स्टँडमध्ये आपोआप नीट येतो अशी समजूत पसरली आहे. ते खरं नाही. हायलाइट आवरले जातात हे बरोबर. पण फिल्मवर जिथे उजेड पडलाच नाही तिथे तास काय आणि दोन तास काय, काहीही उगवत नाही. टँक न हलवल्यामुळे आभाळात पट्टे उमटण्याची, फिल्मच्या कडेच्या भोकांपासून ओघळ निघाल्यासारख्या खुणा येण्याची भीती असते ती वेगळीच. एखादा रोल कशा उजेडात काढला हे विसरूनच गेलं असेल तर स्टँड करून बघावं. रोजची पद्धत म्हणून नको.

द्रावण तीव्र अल्कधर्मी आहे. डोळ्यांना आणि बोटांना जपावं.

एचसी-११०

रोडिनलचं टिकाऊपण आणि डी-७६ चा समतोल यांच्या मधली जागा कोडॅकचा एचसी-११० घेतो. १९६०च्या दशकापासून तो वापरात आहे, ॲन्सेल ॲडम्सही तो वापरत. हाही तीव्र द्रावणाच्या रूपात येतो आणि लागेल तेवढाच ओढून पातळ करता येतो. पूड नाही, गरम पाणी नाही, साठवणीच्या बाटल्यांची रांग नाही. रात्री जेवण झाल्यावर एक रोल धुवून टाकू असं मनात आलं तर दहा मिनिटांत तयारी होते. इल्फर्डचा इल्फोटेक एचसी याच जातीचा.

अडचण वेळेची. डायल्यूशन बी म्हणजे १+३१. यात ट्राय-एक्स ४०० या फिल्मला कोडॅकच्या तक्त्यात २० अंशांना पावणेचार मिनिटं दिली आहेत आणि एचपी५ प्लसला इल्फर्डने पाच. पाच मिनिटांच्या खाली डेव्हलपमेंट असमान होण्याचा धोका असतो: ओतायला आणि रिकामं करायला लागणारे पंधरा-वीस सेकंदही हिशेबात येतात. म्हणून बरेच जण डायल्यूशन एच वापरतात, म्हणजे १+६३, आणि वेळ दुप्पट धरतात. तिथे एक खोच आहे. एका रोलला तीव्र द्रावण निदान ६ मिलिलिटर मिळावं हा जुना ठोकताळा. ३०० मिलिलिटरच्या टँकमध्ये १+३१ केलं तर नऊच्या वर भरतं, पण १+६३ केलं तर पाचसुद्धा होत नाही. ५०० मिलिलिटरचा टँक घेतला की पावणेआठ होतं आणि काळजी मिटते. एचसी-११० घेणार असाल तर टँक त्या मापाचा घ्या.

शॅडो डी-७६ पेक्षा किंचित कमी, ग्रेन साधारण तसाच, स्वभाव स्थिर. अधूनमधून रोल धुणाऱ्याला मी रोडिनलच्या आधी हा सुचवेन, निदान ४०० च्या फिल्मसाठी.

एक्सटॉल

कोडॅकने १९९६ मध्ये आणलेला हा डेव्हलपर मेटॉल आणि हायड्रोक्विनोन दोन्ही टाळून, ‘क’ जीवनसत्त्वाच्या जातीचं रसायन आणि फेनिडोनचं एक भावंड वापरून बनवलेला आहे. शॅडोचा तपशील, बारीक ग्रेन आणि शार्पनेस या तिन्ही बाबतींत कोडॅकने आपल्याच डेव्हलपरांच्या तुलनेत त्याला वर ठेवलं, आणि निगेटिव्ह पाहिल्या की ते पटतं. डी-७६ मधली आणि एक्सटॉलमधली निगेटिव्ह शेजारी ठेवली तर गडद कोटाच्या घडीत फरक दिसतो: जिथे एकीत सपाट काळोख आहे तिथे दुसरीत शिवण उमटलेली असते. फरक मोठा नाही, पण असतो. अंदाजाने काढलेल्या रोलवर असल्या घड्या पुष्कळ असतात.

पूड साध्या खोलीच्या तापमानाच्या पाण्यात विरघळते. मात्र पाकीट पाच लिटरचं येतं आणि ते सगळं एकदम मिसळावं लागतं. ज्याचे आठवड्याला दोन-तीन रोल होतात त्याला ठीक. महिन्याला एक होणाऱ्याने पाच लिटर कुठे ठेवायचे? भरपूर रोल धुणाऱ्यासाठी याची आणखी एक पद्धत आहे. तेच द्रावण पुन्हा पुन्हा वापरायचं आणि प्रत्येक रोलनंतर ७० मिलिलिटर ताजं घालून तितकंच जुनं काढून टाकायचं. काही रोलनंतर द्रावण एका पातळीवर स्थिरावतं आणि मग निगेटिव्हमागून निगेटिव्ह सारखी येते. तिसऱ्या कसोटीवर याला तोड नाही, पण नियमितपणा हवा.

एक धोका मात्र लक्षात ठेवावाच. एक्सटॉल संपतो तेव्हा रंग बदलून सांगत नाही. पाण्यासारखा स्वच्छ दिसतो आणि फिल्म कोरी निघते. म्हणून धुण्याआधी फिल्मची तोंडाकडची पट्टी कात्रीने कापून, दिव्याच्या उजेडातच थोड्या द्रावणात बुडवून बघायची. डेव्हलपमेंटच्या वेळेत ती पूर्ण काळी झाली तर द्रावण जिवंत आहे. कुठल्याही डेव्हलपरसाठी ही तपासणी चांगलीच, एक्सटॉलसाठी चुकवू नये अशी.

उरलेले, थोडक्यात

इल्फर्डचा मायक्रोफेन कमी उजेडात काढणाऱ्यांसाठी आहे. एचपी५ प्लसला ४०० ला साडेसहा मिनिटं, ८०० ला आठ, १६०० ला अकरा, ३२०० ला सोळा. १६०० पर्यंत तो डी-७६ पेक्षा शॅडो जास्त सांभाळतो. पण पुश करणं (फिल्म तिच्या वेगापेक्षा जास्त धरून जादा वेळ धुणं) म्हणजे उजेड निर्माण करणं नव्हे; मधले टोन आणि हायलाइट वर येतात, कॉन्ट्रास्ट चढतो, अंधार बराचसा अंधारच राहतो.

परसेप्टॉलचा ग्रेन फार सुंदर, पण फिल्मचा वेग उतरतो. हातात कॅमेरा धरून फिरणाऱ्याच्या तो कामाचा नाही.

पायरो जातीचे डेव्हलपर निगेटिव्हला रंग चढवतात आणि हायलाइट फार देखणे देतात. रसायन विषारी आहे, आणि दर आठवड्याला वेगवेगळ्या उजेडात काढलेले रोल धुणाऱ्याला इतक्या नाजूकपणाचा उपयोग थोडा.

दोन द्रावणांचे डेव्हलपर, उदाहरणार्थ डायाफाइन, विचारात घेण्यासारखे आहेत. पहिल्या द्रावणात फिल्म डेव्हलपर शोषून घेते, दुसऱ्यात तो कामाला लागतो आणि शोषलेलं संपलं की थांबतो. वेळ आणि तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. ज्याच्याकडे २० अंशांचं पाणी मिळणं कठीण आहे त्याला हा मोठा दिलासा. पण कॉन्ट्रास्ट हवा तसा कमीजास्त करण्याची मुभा जवळजवळ संपते.

तापमानाचा विषय निघालाच आहे तर: पाणी २४ अंश असेल तर बर्फाच्या मागे धावण्याऐवजी वेळ कमी करावी. ढोबळमानाने दर अंशाला आधीच्या वेळेच्या दहा टक्के. अकरा मिनिटांची सव्वासातच्या आसपास होतात. म्हणूनही लांब वेळेचं द्रावण बरं, कमी करायला जागा राहते. कुठलंही तापमान ठरवा, पण दर वेळी तेच ठेवा.

मीटर बघून की हात ठरवून

डेव्हलपर कितीही उदार असला तरी त्याला काही ना काही मिळायला हवं. इथे दोन रस्ते आहेत. एक, कॅमेऱ्याच्या मीटरवर किंवा ऑटोवर सोडून द्यायचं. दोन, उजेड बघून एक्स्पोजर आधीच लावून ठेवायचं.

ऑटो सोपं वाटतं. पण समोर आभाळ जास्त आलं की मीटर शटरचा वेग वाढवतं आणि माणूस काळा होतो. पाऊल मागे घेतलं, गडद भिंत जास्त आली, की उलटं. उजेड तोच असूनही सलग चार फ्रेमची घनता वेगवेगळी. प्रिंट करताना प्रत्येक फ्रेमशी नव्याने झगडावं लागतं.

मी दुसऱ्या रस्त्याचा आहे. उजेड बदलला की हात हलवायचा, विषय आला की नाही. ४०० ची फिल्म २५० धरायची आणि शटर १/२५० वर ठेवायचं. कडक उन्हात एफ/१६, विरळ ढग असतील तर एफ/११, ढगाळ एफ/८, दाट ढग एफ/५.६, उन्हाच्या दिवसातल्या मोकळ्या सावलीत एफ/४. घरात खिडकीजवळ १/६० आणि एफ/२.८ पासून सुरुवात. खात्री नसेल तर सावलीत शिरताच स्वतःच्या तळहातावर मीटर वाचून एक स्टॉप उघडायचं, आणि मग ती सावली संपेपर्यंत मीटरकडे बघायचं नाही. ४०० ऐवजी २५० धरल्याने दोन तृतीयांश स्टॉपची गादी मिळते. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड सहज सोसते, कमी उजेड सोसत नाही, म्हणून अंदाज चुकायचा तर तो जास्तीच्या बाजूला चुकलेला बरा.

अंतराचंही तसंच. ३५ मिमीची लेन्स, एफ/८, फोकस ३ मीटरवर: साधारण १.९ मीटरपासून ७ मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. सावलीत एफ/४ वर आलं की तीच पट्टी सव्वादोन ते सव्वाचार मीटरची होते. ही दोन अंतरं पावलांनी मोजून अंगवळणी पाडली की फोकस करायचं राहत नाही, आपण त्या अंतरावर जाऊन उभं राहायचं. कॅमेरा डोळ्याला लागतो तेव्हा सगळं ठरलेलं असतं. उरतं ते फक्त बघणं, आणि उत्स्फूर्त फोटो तिथून सुरू होतो.

फिल्मचीही निवड यात येते. एचपी५ प्लस आणि ट्राय-एक्स यांसारख्या जुन्या घडणीच्या फिल्म वेळेतल्या आणि एक्स्पोजरमधल्या लहानसहान फरकांना सैल असतात. टी-मॅक्ससारख्या चपट्या ग्रेनच्या फिल्म तपशिलाला आणि ग्रेनला सरस, पण डेव्हलपमेंटच्या वेळेतला आणि तापमानातला फरक त्या लगेच दाखवतात. अंदाजाने काढायला शिकताना जुन्या घडणीची घ्यावी.

मग कोणी काय घ्यावं

महिन्याला एखादा रोल होत असेल, किंवा रोल साठवून एकदम धुवायची सवय असेल, तर एचसी-११०. साठवणं हा काही आळसच असतो असं नाही. रस्त्यावरचे फोटो काढणारे अमेरिकी फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड मुद्दाम रोल बाजूला ठेवत, म्हणजे फोटो काढतानाची भावना ओसरल्यावर निगेटिव्हकडे परक्याच्या नजरेने बघता येईल. १९८४ मध्ये ते गेले तेव्हा सुमारे २५०० रोल न धुतलेले राहिले होते. इतकं नको, पण काही आठवड्यांचं अंतर निवडीला उपयोगी पडतं, आणि तोवर बाटलीतला डेव्हलपर जिवंत राहणं हे ओघाने आलं.

दर आठवड्याला रोल होत असतील तर डी-७६ किंवा आयडी-११, १+१. पहिलाच डेव्हलपर घेत असाल तरी हाच. जगात सगळ्यांत जास्त वेळेचे तक्ते याच्यासाठी उपलब्ध आहेत आणि अडलं तर सांगणारा कोणीतरी भेटतोच.

त्याहून जास्त रोल, बहुतेक घरातल्या आणि संध्याकाळच्या उजेडात, आणि पाच लिटर ठेवायला जागा: एक्सटॉल. त्वचेला मेटॉल सोसत नसेल तरीही एक्सटॉल.

मंद फिल्म, भरपूर ऊन, ग्रेन दिसला तर आनंदच, असं असेल तर रोडिनल बिनधास्त घ्यावा. निगेटिव्ह स्कॅन करणाऱ्यांनी मात्र आधी एक रोल करून बघावा. स्कॅनर टोकदार ग्रेनला आणखी टोकदार करतो. एन्लार्जरवर (प्रिंट काढायच्या यंत्रावर) तोच ग्रेन बराच सौम्य दिसतो. कंडेन्सर एन्लार्जर असेल तर कॉन्ट्रास्ट तसाही चढा येतो, म्हणून डेव्हलपमेंटची वेळ दहा-पंधरा टक्क्यांनी कमी धरावी, डेव्हलपर कुठलाही असो.

दोनांत अडकला असाल तर वाचत बसू नका. एका रोलवर एकच दृश्य पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत काढा, ज्यात काळं कापड, चेहरा आणि पांढरं कापड तिन्ही आहेत. एक्स्पोजर आलटूनपालटून बरोबर, एक स्टॉप कमी आणि दोन स्टॉप जास्त. अंधारात फिल्म मधोमध कापा आणि अर्धी एका डेव्हलपरमध्ये, अर्धी दुसऱ्यात धुवा. प्रिंट करताना चेहरा दोन्हींत सारखा जुळवून घ्या आणि मग फक्त काळ्या कापडाच्या घड्या आणि पांढऱ्याची वीण बघा. ग्रेनकडे सगळ्यांत शेवटी.

एकदा घेतलेला डेव्हलपर बदलावासा वाटेल तेव्हा आधी निगेटिव्हच्या कडेला बघा. फिल्मचं नाव आणि फ्रेमचे आकडे कारखान्यातच छापून येतात, तुमच्या एक्स्पोजरचा त्यांच्याशी संबंध नाही. आकडे ठसठशीत काळे आणि फोटो पातळ, तर उजेड कमी पडला आहे. फिल्म आणखी अर्धा स्टॉप खाली धरा. आकडेही फिके, तर डेव्हलपमेंट कमी पडली. वेळ दहा-पंधरा टक्के वाढवा, थर्मामीटर तपासा, द्रावण किती जुनं आहे ते बघा. उलट निगेटिव्ह छापील मजकुरावर ठेवल्यावर हायलाइटमधून अक्षरं अजिबात दिसत नसतील तर वेळ तेवढीच कमी करा. हे सगळं करून झालं, उन्हातल्या फ्रेम छान येत आहेत आणि कातरवेळच्या तेवढ्या रिकाम्या निघत आहेत, असं काही रोल सलग झालं तर मग मायक्रोफेनचं एक पाकीट आणा आणि संध्याकाळचे रोल तेवढे त्यात धुवा.